परिचारकास हवे उपचारज्ञान : स्मृतिभ्रंश आणि इंटरनेटवरील माहिती

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येक पादाचे चार गुणही तेथेच दिले आहेत. रुग्णाच्या गुणांत पहिले स्थान स्मृतीला आहे. त्यानंतर निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व येतात. म्हणजे वैद्याने सांगितलेले रुग्णाने लक्षात ठेवावे, त्याप्रमाणे वागावे, भिऊ नये आणि आपल्याला काय होते ते सांगावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाकडे यांतील एकही गुण उरत नाही. चार पायांच्या चौरंगाचा एक पाय निखळावा तशी ही अवस्था आहे. निखळलेल्या पायाचा भार ज्याच्यावर येतो तो परिचारक होय. आणि परिचारकाचा शास्त्राने सांगितलेला पहिला गुण आहे उपचारज्ञता.

ही उपचारज्ञता घरातील सून, मुलगी, पत्नी किंवा मुलगा आज कोठून मिळवतो? बहुतेक वेळा हातातील मोबाइलवरून. म्हणून हा विषय आपल्या सर्वांच्या विचारार्थ मांडत आहे.

दोन अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ७४. अल्झायमरचे निदान झालेले आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी दिलेले डोनेपेझिल चालू होते. रात्रभर झोप नाही. उठून बोचके बांधायचे आणि ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी उभे राहायचे. सूनबाई थकून गेल्या होत्या. मी सर्पगंधा व पारसीक यवानी, म्हणजे खुरासनी ओवा, असलेली झोपेची गोळी दिली. आठवड्याभरात बाईंचा गोंधळ वाढला, तोंड कोरडे पडू लागले, लघवीला अडू लागली, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. ‘व्याधी पुढे सरकला आहे’, असे मी घरच्यांना सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी सूनबाई वही घेऊन आल्या. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास कोणती औषधे जपून द्यावीत, याची यादी त्यांनी एका संकेतस्थळावरून उतरवून घेतली होती. त्यांत ‘अँटिकोलिनर्जिक’ हा शब्द अधोरेखित केलेला होता. त्या म्हणाल्या, “वैद्यकाका, रागावू नका, पण या गोळीत असं काही आहे का हो?” खरे सांगायचे तर राग आलाच. रात्री वेष्टन काढून घटकद्रव्ये वाचली, औषधशास्त्राचे पुस्तक उघडले. खुरासनी ओव्यात हायोसायमीन व स्कोपोलामीन असते. मेंदूतील ॲसिटिलकोलीनचे कार्य ते अडवते, आणि डोनेपेझिल तेच ॲसिटिलकोलीन टिकवण्यासाठी दिलेले असते. एक औषध जे बांधत होते ते दुसरे मोडत होते. गोळी थांबवली. चार-पाच दिवसांत बाई पूर्वपदावर आल्या. व्याधी पुढे सरकला नव्हता. चूक माझी होती.

दुसरा अनुभव याच्या उलट. एका गृहस्थांच्या मुलाने ‘४० दिवसांत स्मृती पूर्ववत’ अशी जाहिरात पाहून टपालाने चूर्णाचा संच मागवला. विक्रेत्याने दूरध्वनीवर सांगितले म्हणून रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत वडिलांना पक्षाघात झाला. मुलगा माझ्यासमोर बसून म्हणाला, “जाहिरातीत आयुर्वेदिक लिहिलं होतं, म्हणून विश्वास ठेवला.” हे वाक्य मला आजही टोचते. आपल्या शास्त्राच्या नावाने तो विश्वास मागितला गेला होता.

एकाच माध्यमाने एका घरास वाचवले आणि दुसऱ्यास बुडवले. फरक माहिती पारखण्याचा होता.

व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ७० लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश होता. त्यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांत अल्झायमर हे कारण असू शकते. भारतातील व्यापक पाहणीवर आधारलेला जो अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठी ओलांडलेल्यांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, एवढे आहे.

तरीही आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून किंवा म्हातारचळ समजून निदानच टाळले जाते. शार्ङ्गधराने दशकागणिक होणारा ऱ्हास सांगताना बुद्धीचा ऱ्हास नवव्या दशकात ठेवला आहे. साठीतील विस्मरणास वयाचा धर्म म्हणून सोडून देण्यास तेथेही आधार नाही. शिवाय ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची न्यूनता, औदासीन्य, डोक्यास मार लागून साचलेले रक्त, तसेच काही औषधे यांमुळेही स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात आणि योग्य उपचारांनी ती पुष्कळदा सुधारतात. म्हणून निदान इंटरनेटवर होत नाही. ते तपासणीनेच होते, हे घरच्यांना प्रथम सांगावे.

माहिती कशी पारखावी

रुग्णाच्या नातेवाइकांना पुढील कसोट्या समजावून द्याव्यात, आणि आपणही त्या वापराव्यात.

१. लिहिणारा कोण? संकेतस्थळ कोणत्या संस्थेचे, त्याचा खर्च कोण करतो, हे स्पष्ट असावे. जिनिव्हाची ‘हेल्थ ऑन द नेट’ ही संस्था पूर्वी विश्वसनीय आरोग्य-संकेतस्थळांना प्रमाणचिन्ह देत असे. ते काम २०२२ मध्ये बंद झाले. जुने चिन्ह आजही कोठे दिसले तर त्याचा आधार मानू नये.

२. दिनांक आहे का? या विषयातील ज्ञान वेगाने बदलते. लेकॅनेमॅब या औषधास अमेरिकेत पूर्ण मान्यता जुलै २०२३ मध्ये मिळाली. ते आरंभीच्या अवस्थेतील ऱ्हास काहीसा मंद करते. गेलेली स्मृती परत आणत नाही, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने सतत तपासणी लागते. त्यापूर्वीच्या लेखात हे सापडणार नाही, आणि नंतरच्या उथळ लेखात केवळ ‘चमत्कार’ सापडेल.

३. माहितीच्या शेजारी विक्री आहे का? जो सांगतो तोच विकत असेल तर सावध राहावे.

४. ‘समूळ बरा’ असा दावा आहे का? अल्झायमर समूळ बरा करणारे औषध आज कोणत्याही वैद्यकपद्धतीत सिद्ध झालेले नाही. असा दावा दिसताच वाचन थांबवावे.

५. अभ्यास कोणावर झाला? उंदरावर, निरोगी तरुणांवर की रुग्णांवर? गिंकोचे उदाहरण बोलके आहे. ७५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ३,०६९ व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला : गिंकोने स्मृतिभ्रंश टळत नाही. तरीही गिंकोची विक्री स्मृतीच्या नावाने चालूच आहे. आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास त्याने रक्तस्रावाचा धोका संभवतो.

६. दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी तेच आढळते का? मोबाइलवर फिरणारे संदेश, चित्रफिती आणि संगणकाने आपोआप रचलेली सफाईदार उत्तरे यांना ही कसोटी अवश्य लावावी. भाषा सफाईदार असली म्हणजे मजकूर खरा असतोच असे नाही.

हीच कसोटी आपल्या द्रव्यांनाही लागू आहे. चरकोक्त मेध्य रसायने चार : मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी. त्यांचे शास्त्रीय स्थान निर्विवाद आहे. परंतु ब्राह्मीवरील आधुनिक चाचण्या बहुधा लहान, अल्पमुदतीच्या आणि पुष्कळशा निरोगी व्यक्तींवर झालेल्या आहेत. त्यांवरून ‘अल्झायमरवर ब्राह्मी’ असे फलक लावता येत नाहीत. शिवाय ‘ब्राह्मी’ म्हणून कोठे बॅकोपा मोनिएरी तर कोठे सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, अभिप्रेत असते. वनस्पतीचे नाव स्पष्ट न देणारा लेख तेवढ्यानेच संशयास्पद ठरतो.

कोठे पाहावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये परिचारकांसाठी ‘आयसपोर्ट’ हा शिक्षणक्रम खुला केला. व्याधीची ओळख, परिचारकाची भूमिका, स्वतःची काळजी, दैनंदिन शुश्रूषा आणि बदललेल्या वर्तनास सामोरे जाणे, असे त्याचे पाच भाग आहेत. भारतीय परिस्थितीनुसार त्याचे रूपांतर करून अभ्यासण्याचे काम बेंगळुरूच्या निम्हान्समधील तज्ज्ञांच्या सहभागाने झाले. केरळमध्ये १९९२ साली स्थापन झालेली ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था आपल्या शाखांद्वारे मार्गदर्शन करते. ‘डिमेन्शिया केअर नोट्स’ या संकेतस्थळावर भारतीय घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली सविस्तर माहिती इंग्रजी व हिंदीत आहे. ब्रिटनच्या ‘अल्झायमर्स सोसायटी’ची माहितीपत्रकेही सुबोध आहेत; मात्र तेथील कायदे व सरकारी सवलती आपल्याकडे लागू नाहीत, हे सांगावे. संशोधन पाहावयाचे असल्यास वैद्यांनी ‘पबमेड’ व ‘आयुष रिसर्च पोर्टल’ यांचा उपयोग करावा.

ज्यांना वाचन जमत नाही त्यांच्यासाठी दूरध्वनी आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी ‘एल्डरलाइन’ १४५६७ या क्रमांकावर, तर मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलि-मानस’ १४४१६ या क्रमांकावर आहे. दुसरी परिचारकाने स्वतःसाठीही वापरावी. इंग्रजी-हिंदीच्या मानाने मराठीत असे साहित्य थोडे आहे. आपल्या संघटनेच्या शाखांनी चार पानांची मराठी पत्रिका तयार केली तर ते मोठे काम होईल.

परिचारकाकडे पाहताना

नातेवाईक माहिती शोधतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा ‘औषध कोणते’ हा प्रश्न असतो. त्यास खरी गरज असते ती रोजच्या प्रसंगांच्या उत्तरांची. ‘घरी जायचंय’ म्हणणाऱ्या आईला ‘हेच तुमचं घर’ असे दहादा पटवण्यापेक्षा तिच्याबरोबर अंगणात दोन फेऱ्या मारणे अधिक उपयोगी पडते. दाराला उंचावर कडी लावावी, खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. अचानक गोंधळ वाढल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग, मलावष्टंभ, वेदना किंवा नवे औषध यांचा शोध घ्यावा. वृद्धाची सेवा एकाच सुनेच्या वा मुलीच्या वाट्याला न टाकता घरात पाळ्या लावाव्यात. तपासणीस येणाऱ्या परिचारकास ‘तुम्हाला झोप लागते का?’ एवढे विचारावे. पुष्कळदा डोळ्यांतून उत्तर येते.

कुटुंबातील इतरांना प्रतिबंधाचेही सांगावे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली असून ती सर्व दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा व्याधी लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, दृष्टिदोष, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आणि एकाकीपणा ही त्यांतील काही होत.

औषधालयचालकांस विनंती

१९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात मेंदूच्या विकारांचा समावेश आहे. अशा विकारांवर उपाय म्हणून औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. दुकानातील फलकाइतकेच मोबाइलवरील संदेशाबाबतही हे भान ठेवावे. वृद्धासाठी झोपेचे औषध मागितले गेल्यास घटकांत धोत्रा किंवा खुरासनी ओवा आहे काय ते पाहावे. कनकासवात धोत्रा असतो हे आपण जाणताच. ‘इतर कोणती औषधे चालू आहेत?’ हा एक प्रश्न विचारण्यास अर्धा मिनिट लागतो.

त्या शिक्षिका पुढे तीन वर्षे होत्या. सूनबाईंची वही भरत गेली, आणि प्रत्येक भेटीत ती आम्ही दोघांनी मिळून वाचली. काही मजकूर खोडला, काही ठिकाणी मी माझी समजूत दुरुस्त केली. चतुष्पादांत वैद्य प्रमुख मानला आहे हे खरे. परंतु परिचारक वही घेऊन समोर आला, तर ती वाचून पाहणे हेही त्या प्रमुखपणाचेच कर्तव्य आहे.