नांगरावरचे दिवस

वाघोटन नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे दक्षिण तीरावर विजयदुर्गाचा किल्ला उभा आहे, आणि त्या भूशिराच्या आडोशाला पश्चिम किनाऱ्यावरील एक अत्यंत सुरक्षित बंदर पसरले आहे. कोकणातल्या कित्येक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा साचतो आणि भरती चढल्यावाचून भरलेल्या गलबतास आत शिरता येत नाही; विजयदुर्गास हा अडसर नसल्यामुळे वादळात सापडलेला तांडेल कोणत्याही घटकेस येथे आश्रयास येऊ शके. आधी आंग्र्यांच्या व 1756 नंतर पेशव्यांच्या आरमाराने येथे ठाणे ठेवले, आणि गिर्ये येथे सुमारे 355 फूट लांबीची गोदी खोदली गेली, ती याच गुणामुळे. परंतु लढाऊ जहाजांइतकाच या बंदराचा आधार होता तो मंगळुरी कौले, नारळ आणि लाकूड घेऊन मुंबईच्या वाटेला लागलेल्या शिडाच्या फत्तेमाऱ्यांना, आणि त्यांच्यावरील ज्या खलाशांनी येथे नांगर टाकून दिवस मोजले, त्यांची विद्या मला तितकीच स्मरणीय वाटते.

जून ते ऑगस्ट ही गलबते किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली असत, आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा झाली की पुन्हा पाण्यात उतरत. कसोटी लागे ती त्यानंतर, आश्विन-कार्तिकात, जेव्हा पाऊस संपला असे मानून माणूस निर्धास्त होतो आणि नेमक्या त्याच वेळी अरबी समुद्रात चक्री वादळे उठतात. 1864 च्या ऑक्टोबरात वादळाने कलकत्त्याची धूळधाण केल्यावर दुसऱ्याच वर्षी त्या बंदरात इशाऱ्यांची व्यवस्था झाली, आणि यथावकाश ती सर्व किनाऱ्यावर पसरली. आपल्याकडे ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे म्हणण्याची रीत असली, तरी बंदराच्या काठीवर दिवसा चढतात ते काळे शंकू आणि नळकांडी, व रात्री तांबडे-पांढरे दिवे. हा इशारा दिसला, की परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो वासा, शिडासकट खाली उतरवून नाळेपासून वराम्यापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, आडवे बांधून टाकावयाचे, कौलांवरचे झाप नव्या दोरांनी आवळावयाचे, आणि दुसरा नांगर पाण्यात सोडावयाचा, ही कामे कोणी हुकूम देण्यापूर्वीच सुरू होत.

नांगर टाकला म्हणजे निश्चिंत झालो, असे ज्यास वाटे तो तांडेल होण्यास अपात्र. काथ्याचा दोर ताणला असता लांबतो आणि लाटेचा हिसका स्वतःच्या अंगावर घेतो, हा त्याचा मोठा गुण. पण नाळेच्या लाकडावर तोच दोर रात्रभर घासत राहिला, तर पहाटेपर्यंत झिजून तुटावयाचा. म्हणून त्या जागी जुन्या शिडाच्या चिंध्या गुंडाळीत, आणि घटका-दीड घटकेने दोर हातभर सैल सोडून घर्षणाची जागा बदलीत. दिवसा तांडेलाची नजर किनाऱ्यावरच्या एका उंच माडावर आणि त्यामागच्या किल्ल्याच्या बुरुजावर खिळलेली असे. ती दोन्ही एका रेषेत धरून तो उभा राही. गलबत दोरावर झुलते, तेव्हा माड बुरुजाच्या डावी-उजवीकडे सरावयाचाच. परंतु सरलेला माड परत आला नाही, तर नांगर चिखलातून सुटून घसरू लागला, असे समजावयाचे. रात्री माड दिसेनासा झाला, की तोच तांडेल ताणलेल्या दोरावर तळवा ठेवून बसे, कारण रुतलेल्या नांगराची ओढ जड आणि संथ असते, आणि घसरणाऱ्या नांगराची थरथर हाताला कळते.

या पहाऱ्याच्या भोवती बाकीचे जीवन चाले. वाळू भरलेल्या लाकडी पेटीत मांडलेल्या चुलीवर पेज शिजे, आणि वारा फिरेल तशी ती पेटीही फिरवावी लागे. कुळथाची पिठी आणि सुकी मासळी संपत आली, की होडीतून गावात जाऊन बाजार करावा, पिंपे गोड्या पाण्याने भरावी, जमल्यास गिर्येच्या रामेश्वरास नारळ ठेवून यावे. ऊन पडले की ओले शीड पसरावयाचे, कारण दुमडून ठेवलेले सुती कापड कुजते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकावयाचा. तळाशी झिरपलेले पाणी सकाळ-संध्याकाळ उपसावयाचे.

परंतु अंगमेहनतीपेक्षा मनावरचा ताण अधिक असे. व्यापाऱ्याचा तगादा येई, शिधा आटे, आणि ज्यांची मजुरी खेपेवर ठरलेली, त्या खलाशांना प्रत्येक दिवस पदरमोडीचा वाटे. वारा पडला, आकाश निवळले, की ‘आता निघू या’ हा आग्रह सुरू होई, आणि नेमका तेव्हाच तांडेलाचा नकार अधिक दृढ व्हावा लागे. कारण वारा पडला तरी समुद्र पडत नाही, आणि भूशिराबाहेर लाटांचे डोंगर दिवस दिवस चालत राहतात. वाफेच्या बळावरही हा संयम सोडता येत नाही, याची साक्ष 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीने दिली. ऐन पावसाळ्यातल्या त्या अल्प प्रवासात सहाशेहून अधिक माणसे बुडाली. थांबणे म्हणजे आळस किंवा भय, असे समजणाऱ्यांनी तांडेलाचा तो नकार आठवावा. साऱ्यांचा रोष एकट्याने सोसून त्याने तो दिलेला असे, आणि तो योग्य ठरला, याचा पुरावा त्याला कधीच मिळत नसे. कारण जे गलबत बाहेर गेलेच नाही, ते बुडाले असते की नाही, हे सांगणार कोण?

अखेर एखाद्या पहाटे जमिनीवरून थंड मतलई वारा सुटे, आणि त्याच सुमारास ओहोटी लागलेली असे. मग दोन्ही नांगर चिखलाने माखलेले वर येत, परबाण डोलकाठीवर चढे, आणि शीड वाऱ्याने भरे. सुकाणूवर हात ठेवून तांडेल सवयीने मागे वळून पाही. माड बुरुजापासून सरत असे, सरतच जाई, आणि आता त्याला तो जाऊ देई.