तीन मीटर ओढ, एक मीटर वर

सह्याद्रीच्या कड्यावर बचावपथकाचा सराव पाहताना एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. दोर ओढणारे भराभर मागे सरकतात आणि खाली लटकलेलं स्ट्रेचर मात्र जेमतेम हलतं. तीन मीटर दोर हाती आला की स्ट्रेचर एक मीटर वर चढतं. जास्त दोर ओढायचा, त्याबदली जोर कमी लावायचा, असा हा व्यवहार आहे.

विहिरीवरच्या कप्पीत तो होत नाही. ती जागची हलत नसल्याने फक्त ओढायची दिशा बदलते. बादलीच्या वजनाइतका जोर लावावाच लागतो. कप्पी भाराबरोबर सरकू लागली, की जोर वाचतो.

बचावपथकाची नेहमीची मांडणी इंग्रजी झेड अक्षरासारखी असते. दरीतून आलेला दोर झाडाला किंवा कातळातल्या बोल्टांना बांधलेल्या पहिल्या कप्पीतून फिरतो, पुन्हा दरीकडे जातो आणि दुसऱ्या कप्पीतून वळून ओढणाऱ्यांच्या हातात येतो. ही दुसरी, सरकती कप्पी भार पेलणाऱ्या दोरावर प्रुसिक गाठीने अडकवलेली असते. पातळ दोरीचे तीन वेढे. ताण आला की गाठ दोराला घट्ट धरते, ताण गेला की हाताने सरकते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती 1931 मध्ये लोकांसमोर आणली. सरकती कप्पी पहिलीपाशी येऊन भिडली की दुसरी प्रुसिक गाठ भार धरून ठेवते, कप्पी पुन्हा कड्याच्या दिशेने ढकलली जाते आणि ओढणं नव्याने सुरू होतं. उंच कड्यावर हे असंख्य वेळा करावं लागतं.

जखमी माणूस, स्ट्रेचर आणि सोबतचा बचावकर्ता मिळून 180 किलो धरू. कागदावर 60 किलोचा जोर पुरतो, पण घर्षण आपला वाटा घेतंच. चांगली कप्पी सुमारे 90 टक्के ताण पुढे पोचवते, तिच्या जागी नुसता कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, असेल तर 60 टक्क्यांच्या आसपास. दोन्ही जागी कप्प्या असतील तर फायदा तिपटीऐवजी 2.7 पट होतो, दोन्हीकडे कॅराबिनर असतील तर दुपटीहूनही किंचित कमी. आणि चांगली कप्पी एकच असेल तर? ती ओढणाऱ्याजवळच्या सरकत्या जागी लावली तर 2.44 पट, बांधलेल्या जागी लावली तर 2.14 पट. सामान तेच, माणसं तीच. जागा अचूक निवडण्यातच खरं कसब आहे.

आणखी कप्प्या जोडून नऊपट फायदाही मिळवता येतो, पण तिथे धोका वाढतो. स्ट्रेचर खडकाच्या कपारीत अडकलं तरी ओढणाऱ्याच्या हाताला ते कळत नाही. दोर, बांधलेला आधार आणि जखमी माणूस यांच्यावरचा ताण मात्र वाढत जातो. म्हणूनच कड्याच्या टोकाशी स्वतःला बांधून घेतलेला एक जण खाली नजर लावून असतो. त्याच्या ‘स्टॉप’ला सगळे हात जागच्या जागी थांबतात.

2018 च्या जुलैत आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा परिसरातले ट्रेकर दोरांच्या आधाराने त्या खोल दरीत उतरले होते. असं काम चालू असताना तुम्ही घाटात असाल, तर गर्दी करू नका, पसरलेल्या दोरावर पाय देऊ नका, आणि पथकाने बोलावल्याशिवाय ओढायला हात लावू नका.