जाळे विणणाऱ्या कोळ्याचा वंश ‘वाय’वाचून बुडाला नाही

चेंबूरमध्ये कुणाच्या घरी बाळ जन्माला आले, की मिठाईच्या डब्यावरूनच कळते. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी नाहीतर जिलेबी. हा फरक वरवर गोड वाटतो. परंतु याच फरकातून पुढे छळाचे आणि पोटगीचे खटले उभे राहतात, हे वकिली करताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. काही महिन्यांपूर्वी आमच्याच वस्तीतील एक भगिनी माझ्याकडे आली. दुसरी मुलगी झाल्यावर दीड महिन्यातच तिची माहेरी रवानगी झाली होती. कागद पुढे ठेवत ती म्हणाली, “साहेब, सासू म्हणते तुझ्या कुशीत मुलगाच नाही. यावर काही औषध असेल का?” ती न्याय मागायला आली होती, पण मनातून स्वतःलाच आरोपी ठरवून बसली होती.

हे अज्ञान आकाशातून पडलेले नाही. सम रात्री संग केल्यास पुत्र आणि विषम रात्री केल्यास कन्या होते, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लिहून ठेवले आहे. ‘पुत्’ नावाच्या नरकातून बापाला तारतो तो पुत्र, हे नवव्या अध्यायात सांगितले आहे. ही जुनी पोथी आता कोण वाचतो, असे कुणी म्हणेल. परंतु २०२० साली महाराष्ट्रात एका नामवंत कीर्तनकारांच्या तोंडी हेच सम-विषमाचे गणित आले आणि संगमनेरच्या न्यायालयात गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली प्रकरण दाखल झाले. सत्र न्यायालयाने ते रद्द केले. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते पुन्हा जिवंत केले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. खटला चालवण्यास मुभा मिळणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे वकील म्हणून मी स्पष्ट करतो. प्रश्न त्या कीर्तनात माना डोलावणाऱ्या श्रोत्यांचा आहे.

मग विज्ञान काय सांगते? माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातील एक जोडी लिंग ठरवते. स्त्रीमध्ये दोन ‘एक्स’, पुरुषात एक ‘एक्स’ आणि एक ‘वाय’. आईकडून नेहमी एक्सच येतो. बापाच्या शुक्राणूतून एक्स आला तर मुलगी आणि वाय आला तर मुलगा. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासून हे सूत्र मांडले. म्हणजे शतकाहून अधिक काळ हे ज्ञान उपलब्ध आहे आणि तरीही घराबाहेर काढली जाते ती आईच.

यावर शिकलेली मंडळी नवा युक्तिवाद करतात. वाय फक्त मुलाकडे जातो, म्हणून वंश मुलाकडूनच चालतो, असे ते म्हणतात. मनूचा नरक गेला आणि त्याच्या जागी वाय गुणसूत्र येऊन बसले! या युक्तिवादाला उत्तर आपल्या भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणत बसले आहे. होय, आठ पायांचा कोळी.

बहुसंख्य जातींच्या कोळ्यांमध्ये नराला वाय गुणसूत्रच नसते. त्याच्याकडे दोन वेगवेगळे एक्स असतात. शुक्राणू तयार होताना हे दोन्ही एक्स जोडीने एकाच बाजूला जातात. त्यामुळे काही शुक्राणूंत दोन्ही एक्स असतात आणि बाकीच्यांत एकही नसतो. दोन एक्स घेऊन आलेल्या शुक्राणूपासून मादी जन्मते. रिकाम्या हाताने आलेल्या शुक्राणूपासून नर जन्मतो. म्हणजे कोळ्याचा बाप आपली सारी लिंग गुणसूत्रे लेकीला देतो आणि लेकाला त्यातले एकही देत नाही! कोळ्याच्या शुक्रपेशींतील या वेगळ्या वागणाऱ्या गुणसूत्रांवर १९०० साली निबंध लिहिणारी लुईझ वॉलेस हीसुद्धा एक स्त्रीच होती.

हे दोन एक्स आले कुठून? एका एक्सचे दोन तुकडे झाले की एकाची नक्कल होऊन ती पुढे वेगळी वाढली, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद आहे. परंतु ही रचना अतिशय जुनी आहे. जाळे न विणता भिंतीवर शिकार करणाऱ्या हंट्समन कुळात तर अनेक जातींत तीन-तीन एक्स आढळतात. अमेरिकेतील उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या एका गटात जुनी गुणसूत्रे एकमेकांना चिकटून नवा वाय तयार झाला, तोही एकदा नव्हे तर अनेकदा, स्वतंत्रपणे. म्हणजे वाय ही सनातन वस्तू नाही. ते उत्क्रांतीत घडते, झिजते आणि नसले तरी चालते. कोळ्यांचा वंश सुमारे तीस कोटी वर्षे चालला आहे. वाय नसल्याने तो बुडाला नाही.

भारतात समूहाने राहणारी कोळ्यांची एक जात आहे, स्टेगोडिफस सारासिनोरम. काटेरी झुडपांवर त्यांची सामाईक घरटी असतात आणि त्यांत माद्यांची संख्या नरांच्या कित्येक पट असते. अशा सामूहिक कोळ्यांच्या दोन जातींवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की तेथे नरच मादी घडवणारे शुक्राणू अधिक तयार करतात.

यावरून कोळ्यासारखे वागा, असे मी म्हणत नाही. कोळ्याची मादी कित्येकदा नराला खाऊनही टाकते! निसर्ग हे संविधान नव्हे आणि त्यातून नीतीचे कलम काढता येत नाही. परंतु निसर्गाच्या नावाने खोटी साक्ष दिली जात असेल, तर उलटतपासणी केलीच पाहिजे. माणसाचाच हिशेब मांडू. बापाकडून मुलाला आणि मुलीला प्रत्येकी २३ गुणसूत्रे मिळतात. त्यातील २२ सारख्याच प्रकारची. तेविसावे मुलाला वाय, मुलीला एक्स. आणि एक्स हे वायपेक्षा कितीतरी मोठे. बापाचा वारसा मोजायचाच असेल, तर लेकीच्या पदरात काकणभर अधिकच पडतो.

महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. मुंबईची सेहत, पुण्याची मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज हे सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर कायद्याला धार आली आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीच एक्स-वाय शुक्राणू निवडण्यावरही बंदी आली. मुलाचे लिंग निवडणे हा आमचा हक्क आहे, असा एका दाम्पत्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. याच कायद्याचे कलम २४ सांगते, की उलट सिद्ध होईपर्यंत स्त्रीला पतीने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असेच न्यायालय गृहीत धरील. कायद्याने आईवरील आरोप काढून घेतला. समाजाने अजून घेतलेला नाही.

पुरावा दूर शोधायला नको. चेंबूरला लागूनच देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम तिच्याकडे असते. त्याच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात जन्माच्या वेळी हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. आधीच्या फेरीत त्या ९२४ होत्या. निसर्गतः हे प्रमाण ९५० च्या आसपास असते. मधल्या मुली गेल्या कुठे? त्या सम-विषम तिथीने गेल्या नाहीत. सोनोग्राफीच्या पडद्यामागे गेल्या. आणि हा दोष फक्त इतरांचा आहे, आपल्या वस्तीत असे होत नाही, असे समजण्याचे कारण नाही. पेढा आणि बर्फी आपल्याही घरात वेगळी आहे.

कोळ्याची गोष्ट ऐकून ती भगिनी क्षणभर थांबली. मग म्हणाली, “म्हणजे साहेब, खोट त्यांच्यात आहे?” मी म्हणालो, “नाही ताई. खोट कुणातच नाही. बापाचा एक्स येणे हा त्याचा गुन्हा नाही आणि मुलगी होणे ही खोट नाही. तुला घराबाहेर काढणे हा मात्र गुन्हा आहे.”

तिच्या अर्जात मी एक परिच्छेद मुद्दाम घातला आहे. अपत्याचे लिंग पित्याच्या शुक्राणूवरून ठरते आणि अर्जदार स्त्रीचा त्यात काहीही हात नाही. न्यायालय त्याची नोंद घेईल. वाचकहो, आपण आपल्या घरात ती कधी घेणार? सुरुवात छोटी असू द्या. पुढच्या वेळी मुलगी झाली, की पेढेच वाटा.