बंदी, कुटुंब आणि कायदा : लेखांक ५
जामिनाचा आदेश आणि सुटका यांमधील काम

भारतातील कारागृहांत २०२२ च्या अखेरीस असलेल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन बंदी होते, म्हणजे त्यांच्यावरील खटल्यांचा निकाल अद्याप लागलेला नव्हता आणि कारागृहाच्या रोजच्या बोलीत ते 'कच्चे कैदी' होते. हा आकडा वाचून मदतीसाठी पुढे येणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याला आपले काम न्यायालयातील युक्तिवादाचे आहे असे वाटणे साहजिक आहे. परंतु सनद नसलेल्या व्यक्तीला वकील म्हणून उभे राहता येत नाही, आणि असंख्य बंद्यांचे घोडे अडते ते युक्तिवादापाशी नव्हे, तर कारागृह, न्यायालय आणि घर या तीन ठिकाणांमधला निरोप पोहोचत नाही म्हणून. स्वयंसेवकाचे खरे कार्यक्षेत्र तेथेच आहे, आणि ते वकिलाच्या कामापेक्षा दुय्यम मानण्याचे कारण नाही.

या कामाची कायदेशीर पायवाट बऱ्याच अंशी महाराष्ट्रातील प्रकरणांतून पडली आहे. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्राची प्रत आणि मोफत वकील या दोन्ही गोष्टी बंद्याचा हक्क ठरवल्या. त्यानंतर पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री बंद्यांशी बोलून, त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार केल्याचे पत्राने कळवले, तेव्हा न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि चौकशीसाठी निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात पाठवले. १९८३ च्या निकालात न्यायालयाने राज्यातील कारागृहांनी न्यायाधीन बंद्यांच्या याद्या जिल्हा विधी साहाय्य समित्यांना पाठवाव्यात, वकिलांच्या भेटीचे दिवस दर्शनी जागी लावावेत आणि ही भेट अधिकाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात, पण त्यांच्या कानावर पडणार नाही अशा अंतरावर व्हावी, असे निर्देश दिले. एका पत्रकाराचे पत्र आणि एका समाजकार्य शिक्षिकेचा अहवाल, म्हणजे वकिली न करणाऱ्या दोन स्त्रियांचे काम, या निकालाच्या मुळाशी आहे, ही गोष्ट आज या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये कोठडीतील प्रत्येक व्यक्ती मोफत विधी सेवेस पात्र ठरली आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आखली. विधी स्वयंसेवक म्हणजे प्राथमिक कायदेशीर प्रशिक्षण घेऊन सामान्य माणूस आणि विधी सेवा यंत्रणा यांना जोडणारी व्यक्ती. विद्यार्थी, शिक्षक, सेवानिवृत्त कर्मचारी यांच्याबरोबरच दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणारे, चांगल्या वर्तनाचे बंदीही त्यासाठी पात्र आहेत, आणि बराकीतील नव्या माणसाला पहिला धीर व पहिली माहिती बहुधा त्यांच्याकडूनच मिळत असल्याने ही तरतूद विशेष मोलाची आहे.

जामिनाचा टप्पा या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, अशी समजूत असते. प्रत्यक्षात आदेशातील अट पूर्ण होईपर्यंत तो आतच राहतो. जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर सुटका असेल तर प्रश्न सोपा असतो, पण जामीनदार मागितला असेल तर त्याचे ओळखपत्र, रेशनकार्ड, पगाराची पावती किंवा सातबारा आणि कित्येकदा तहसीलदारांकडील ऐपतीचा दाखला जमवावा लागतो. परप्रांतातून किंवा मराठवाड्यातून मुंबईत मजुरीला आलेल्या माणसाला शहरात असा जामीनदार मिळणे दुरापास्त असते. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या खटल्यात एका गवंड्याच्या भावाची हमी, तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून दंडाधिकाऱ्यांनी नाकारली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका फेटाळून दहा हजारांच्या जामिनाऐवजी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका केली. तरीही स्थानिक जामीनदाराचा आग्रह संपला नाही. म्हणून ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, त्यांनी विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवून बंद्याची अडचण जाणून घ्यावी, आणि महिनाभरात हमी भरली गेली नाही तर अट शिथिल करता येईल का, हे न्यायालयाने स्वतःहून तपासावे.

अशा वेळी स्वयंसेवक नेमके काय करतो, हे जवळून पाहिले पाहिजे. अटकेच्या वेळी मोबाइल जमा झालेला असतो आणि घरचा एकही क्रमांक बंद्याला पाठ नसतो. म्हणून गाव, तालुका, वाडीजवळची शाळा, शेजारच्या किराणा दुकानाचे नाव असे विचारत विचारत सरपंचापर्यंत किंवा पोलीस पाटलापर्यंत पोहोचावे लागते. खटल्याचा सोळा अंकी सीएनआर क्रमांक मिळाला तर ई-कोर्ट्सच्या प्रणालीवर पुढची तारीख आणि आजवरचे आदेश पाहता येतात. ही माहिती टिपून ठेवली की त्याच टाचणातून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चा हिशेबही करता येतो : पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ कोठडीत काढला असेल तर तो सुटकेस पात्र ठरू शकतो, मात्र मृत्युदंडाचे व जन्मठेपेचे गुन्हे यांतून वगळलेले आहेत आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असणाऱ्यालाही हा लाभ मिळत नाही. न्यायालयाला अर्ज करण्याचे कर्तव्य अधीक्षकांचे असले, तरी नाव, कलम आणि अटकेची तारीख यांत एक चूक राहिली की बंदी यादीतून गळतो, आणि ती चूक समोर बसून बोलणाऱ्या माणसालाच सापडते.

प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत एक अडचण स्पष्टपणे मांडली पाहिजे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची प्रशिक्षुता आवश्यक असली, तरी एका वर्षात ती सलग चार आठवड्यांहून अधिक असू शकत नाही. चार आठवड्यांत बंद्याची एखाद-दुसरीच तारीख येते, आणि विश्वास बसू लागतो तोवर विद्यार्थी निघून जातो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा १९९० पासूनचा 'प्रयास' हा बंद्यांसाठीचा प्रकल्प टिकला तो पूर्णवेळ समाजकार्यकर्त्यांच्या बळावर, आणि विद्यार्थ्याचे काम अशा कायम यंत्रणेला जोडलेले असेल तरच ते उपयोगी पडते. निघण्यापूर्वी प्रत्येक प्रकरणाची नोंद पुढच्या माणसाच्या हाती देणे हा त्या कामाचाच भाग समजला पाहिजे. सुटकेचे आश्वासन न देणे, चिठ्ठी किंवा वस्तू आतबाहेर न नेणे, गुन्हा केला की नाही हे न विचारणे आणि वकिलाला डावलून सल्ला न देणे, हे दंडकही तितकेच कडक आहेत, कारण त्यांपैकी एकाचाही भंग झाला तर नुकसान बंद्याचे होते आणि पुढच्या स्वयंसेवकांचा प्रवेशही अडतो.

कुटुंबाकडे मात्र बहुतेक योजनांत सर्वांत उशिरा लक्ष जाते. मुलाखतीसाठी, म्हणजे बंद्याच्या भेटीसाठी, लांबून येणाऱ्या पत्नीची त्या दिवसाची मजुरी बुडते. ओळखपत्रात त्रुटी निघाली तर तिला भेट न होताच परतावे लागते, आणि नेमलेला वकील कोण, पुढची तारीख कोणती, हे तिला सांगायला कोणी बांधील नसते. आईसोबत कारागृहात राहणाऱ्या मुलाला सहा वर्षे पूर्ण झाल्यावर बाहेर यावे लागते, आणि ते कोणाकडे जाणार याचा विचार त्याआधी कित्येक महिने सुरू व्हायला हवा : आजीची तयारी, शाळेचा दाखला, बाल संगोपन योजनेचा अर्ज, बालकल्याण समितीपुढील उपस्थिती. या कामांना कायद्याची पदवी लागत नाही, मात्र तालुक्याच्या कचेरीत पुन्हा पुन्हा जाण्याची तयारी लागते. बंदी शिक्षा भोगत असताना संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांसाठी कुटुंबाला जे कागद उभे करावे लागतात, त्यांचा विचार पुढील लेखांकात येईल.