शीत कोणते उचलावे?

भात शिजला की नाही हे पाहायचे तर आई पातेल्यातले एकच शीत चिमटीत घेऊन दाबते. शितावरून भाताची परीक्षा! पण घरी बिर्याणी असली तर? वरचा चमचाभर केशरी भात खाऊन तळाशी काय आहे ते कळेल का? तिथे डाव तळापर्यंत घालावा लागतो.

शाळांचेही असेच आहे. ‘पिसा’ नावाची एक आंतरराष्ट्रीय परीक्षा सन २००० पासून अनेक देशांत घेतली जाते. पंधरा वर्षांच्या मुलांना वाचन, गणित आणि विज्ञान कितपत वापरता येते, हे ती पाहते. लाखो मुलांची परीक्षा घेणे परवडत नाही, म्हणून देशातून साधारणपणे निदान १५० शाळा निवडतात आणि प्रत्येक शाळेतून ठरावीक मुले. या मूठभर मुलांवरून साऱ्या देशाविषयी बोलायचे असते. म्हणून प्रश्नपत्रिकेइतकेच महत्त्व शाळा कशा निवडल्या याला आहे.

चला, आपण तळोज्याला जाऊ. पनवेल तालुक्यातला हा भाग पाहा. एकीकडे जुने तळोजे पाचनंद गाव, एकीकडे औद्योगिक वसाहत, एकीकडे सिडकोच्या नव्या इमारती. मराठी, उर्दू, इंग्रजी अशी शाळांची माध्यमेही वेगवेगळी. ही झाली बिर्याणी! येथल्या तीन शाळा निवडायच्या आहेत. रेल्वे स्टेशनजवळच्या तीन घेतल्या तर? तुम्हीच सांगा, चालेल का?

पहिले काम यादीचे, आणि तेच सर्वांत कंटाळवाणे. आपल्या देशात प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. ही यादी हाताशी असली तरी फसगत होते. ‘पिसा’ इयत्ता पाहत नाही, वय पाहते: १५ वर्षे ३ महिने ते १६ वर्षे २ महिने. या वयाची मुले नववीत असतील, दहावीत असतील आणि अकरावीतही असतील. म्हणजे कनिष्ठ महाविद्यालये विसरलात तर यादी लंगडी झाली. शिवाय तळोज्यासारख्या वाढत्या वस्तीत यादी गेल्या वर्षीची आणि शाळा या जूनमध्ये उघडलेली, असे व्हायचेच. आणि जे मूल शाळेतच जात नाही ते कुठल्याच शाळेच्या यादीत नसते. शाळांतून होणाऱ्या कोणत्याही पाहणीचा हा आंधळा कोपरा आहे.

समजा, आपल्या यादीत आठ शाळा आहेत. (आकडे आपल्या सोयीचे, खऱ्या शाळांचे नव्हेत.) पंधरा वर्षांची मुले अशी: क २४०, ख ३६, ग १२०, घ १८, च १८०, छ ६०, ज ९६, झ १५०. एकूण ९००. आठ चिठ्ठ्या टाकून तीन उचलल्या तर क आणि घ यांना सारखीच संधी मिळेल. मग दोन्हींतून बारा-बारा मुले घेतली, तर घ मधल्या मुलाची निवड होण्याची शक्यता क मधल्या मुलाच्या कितीतरी पट होईल.

यावर तोड अशी, की शाळेला तिच्या मुलांच्या प्रमाणात संधी द्यायची. अमेरिकेत हॅन्सेन आणि हुर्विट्झ यांनी १९४३ साली हा विचार मांडला, आपल्याकडे डी. बी. लाहिरी यांनी १९५१ मध्ये त्यासाठी एक सोपी रीत दिली. ‘पिसा’ची रीत अशी. मुलांना ओळीने १ ते ९०० क्रमांक द्या. क ला १ ते २४०, ख ला २४१ ते २७६, असे पुढे. तीन शाळा हव्यात, म्हणून ९०० भागिले ३, म्हणजे ३०० चे पाऊल. १ ते ३०० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. समजा १३७ आला. मग १३७, ४३७ आणि ७३७. हे क्रमांक अनुक्रमे क, च आणि ज या शाळांत पडतात. झाली निवड!

आता गंमत पाहा. क ची निवड होण्याची शक्यता २४०/३००. तिथल्या मुलाची शक्यता १२/२४०. गुणाकार करा: १२/३००, म्हणजे १/२५. चिमुकल्या घ साठी करा: १८/३०० गुणिले १२/१८. पुन्हा १/२५! मोठ्या शाळेतला मुलगा असो की लहान शाळेतली मुलगी, संधी तंतोतंत सारखी. घ मध्ये दहाच मुले असती तर? सर्वच्या सर्व घ्यावी लागली असती, शक्यता १/३० झाली असती, आणि हिशेबात त्या प्रत्येक मुलाला २५ ऐवजी ३० मुलांचे वजन द्यावे लागले असते.

यादी आधी माध्यमाप्रमाणे, व्यवस्थापनाप्रमाणे लावून घेतली, तर ३०० ची पावले आपोआप सर्व थरांतून जातात. डाव तळापर्यंत गेला तो असा.

ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी पिकाच्या अंदाजासाठी तिचा वापर केला. पूर्वी पीक नजरेने पाहून आणेवारी ठरवीत. सुखात्म्यांच्या रीतीत आधी गावे, मग शेते, मग शेतातला लहानसा तुकडा यदृच्छेने निवडायचा, तेवढेच पीक कापून वजन करायचे. गाव, शेत, तुकडा, शाळा, विद्यार्थी. एकच साखळी.

तुकडा कोणता हे शेतमालकाने ठरवायचे नाही, तसेच मुले कोणती हे मुख्याध्यापकांनी ठरवायचे नाही. मी पाचवीत असताना तपासणीच्या दिवशी गुरुजींनी हुशार मुले पुढे आणली आणि मला शेवटच्या बाकावर पाठवले. साहेबांना वर्ग फार आवडला! निवडलेली शाळा नाही म्हणाली, तर मर्जीची दुसरी घेता येत नाही. यादीत तिच्या लगतची पुढची किंवा मागची घेतात. मुळात निवडलेल्या शाळांपैकी ८५ टक्के आणि मुलांपैकी ८० टक्के हजर असावीत असा ‘पिसा’चा दंडक आहे.

१९७०-७१ च्या आंतरराष्ट्रीय विज्ञान पाहणीत भारत होता. ‘पिसा’त तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले, त्यांचा निकाल २०११ च्या डिसेंबरात लागला. ७४ सहभागी देश-प्रदेशांत दोन्ही राज्ये तळाशी होती. निकाल कडू लागला की प्रश्नांना दोष देण्याकडे मन धावते. तोही तपासावा, पण मुले चिठ्ठीने निवडलेली असली तर ‘वाईट मुलेच नेमकी सापडली’ असे मात्र म्हणता येत नाही.

आता पाटी-पेन्सिल घ्या. चिठ्ठीत २५० आला असता तर कोणत्या शाळा निघाल्या असत्या? आणि चिमुकल्या घ चा नंबर लागायचा तर चिठ्ठीत कोणकोणते आकडे यायला हवेत? असे बरोबर १८ आकडे सापडले, तर तुमचा हिशेब जमला.