क्रमांक १३४ ची बाटली

एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात १९८३ साली सुरू झालेली ‘स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी’ आपल्या बाटल्यांवर डिस्टिलरीचं नाव छापत नाही. टिंबाआधी डिस्टिलरीचा क्रमांक, टिंबानंतर ते तिथलं कितवं पिंप, एवढंच. नाव वाचलं की जिभेआधी डोकं निकाल देऊन मोकळं होतं, ते टाळायचा हा उपाय. या यादीतला १३४ हा क्रमांक गोव्याचा, सासष्टीतल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीचा आहे. रात्री पनवेलला कोकणकन्येत बसलं की सकाळी मडगाव येतं, तिथून कुंकळ्ळी जवळच.

दुसऱ्याच्या भट्टीतली पिंपं विकत घ्यायची, मुरवायची आणि आपल्या नावानं बाटलीत भरायची, हा स्कॉटलंडमधला जुना धंदा. कॅडनहेड १८४२ सालची, तर एल्गिनची गॉर्डन अँड मॅकफेल ही पेढी १८९५ साली किराणा दुकान म्हणून सुरू झाली. मोठ्या कंपन्या शेकडो पिंपं एकत्र करून दरवर्षी तीच चव राखतात. स्वतंत्र बाटलीवाला बहुधा एकच पिंप उघडतो आणि पाणी न घालता, ५०-६० टक्के मद्यार्कासह विकतो. पिंप संपलं की ती चवही संपली.

म्हणून पिंपाला महत्त्व. अमेरिकेत बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. वापरलेली पिंपं स्वस्तात बाहेर पडतात आणि जगभरचं माल्ट त्यांत भरलं जातं. शेरीच्या पिंपांचं उलट झालं. शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरली जाऊ लागली आणि १९८० च्या दशकात तिची पिंपं ब्रिटनला येणं थांबलं. आता ती मुद्दाम शेरीनं भिजवून घ्यावी लागतात, त्यामुळे महाग पडतात. मग बरीच वर्षं बर्बनच्या पिंपात आणि शेवटचे काही महिने शेरी, पोर्ट किंवा वाइनच्या पिंपात, असा मार्ग निघाला. यालाच ‘फिनिश’ म्हणतात. बाल्व्हेनीच्या डेव्हिड स्ट्यूअर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रयोग केले. त्यांची ‘डबलवुड’ १९९३ साली बाजारात आली.

ही पद्धत कोकणपट्टीत आली की गणित बदलतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातला साधारण २ टक्के माल दरवर्षी हवेत उडतो, गोव्यात सुमारे ८ टक्के. २०० लिटरच्या पिंपात १२ वर्षांनी तिकडे १५७ लिटर उरतील, इकडे जेमतेम ७४. उष्णतेनं द्रव लाकडात खोल शिरतो, रंग आणि चव लवकर खेचतो. त्यात आपली हवा दमट. अशा हवेत पाण्यापेक्षा मद्यार्क जास्त उडतो, म्हणून मुरता मुरता तीव्रताही उतरते. स्कॉटलंडमध्ये वर्षभर चालणारा फिनिश इथे काही महिन्यांतच मूळ माल्टला झाकून टाकू शकतो. पॉल जॉनचं माल्ट २०१२ साली ब्रिटनमध्ये विक्रीला आलं, तेव्हा बाटलीवर वय नव्हतं. असतं तरी तिकडच्या वयाशी तुलना फसवीच ठरली असती.

नवी मुंबईत चाखायला बसतानाही हवेचं भान हवं. मेच्या उकाड्यात पेल्यातून आधी मद्यार्कच नाकात चढतो, म्हणून खोली गार असलेली बरी. पेला तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता घ्यावा. आधी बिनपाण्याचा वास, मग एक लहान घोट, मग पाण्याचे थेंब एकेक करत. मोरबे धरणाचं पाणी नळाला येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं. ते पाणी उकळून, गार करून वापरावं. पाणी पडल्यावर आधी मनुका-अंजिराचा वास येऊन खालून सातूचा गोडवा वर आला, तर फिनिश जमला. मनुकाच राहिल्या आणि सातू हरवला, तर पिंप जिंकलं, माल्ट हरलं.

मग आपल्याकडे असा स्वतंत्र बाटलीवाला का उभा राहत नाही? राज्यघटनेनुसार मद्य हा राज्यांचा विषय. पिंप एका राज्यातून दुसऱ्यात न्यायचं तर परवाने, प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी. एका पिंपातून निघणाऱ्या दोन-अडीचशे बाटल्यांना हा खर्च पेलत नाही. शिवाय महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे: पिणाऱ्यालाही परवाना हवा आणि व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत. म्हणून गोव्याच्या माल्टला क्रमांक मिळाला तो लीथमध्ये.

तरी पिंपांचे प्रयोग दाराशी आले आहेत. नाशिकच्या दिंडोरीत तयार होणारी पर्नो रिकारची ‘लाँगिट्यूड ७७’ २०२२ साली आली. ती बर्बनच्या पिंपात मुरते आणि वाइनच्या पिंपात फिनिश होते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन करारानुसार व्हिस्कीवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर यायचं आहे. न्हावाशेवा बंदरात स्कॉचचे कंटेनर वाढले, की १२ आणि १८ वर्षांच्या आकड्यांपुढे आपलं माल्ट कोवळं वाटेल.

त्यावर उत्तर लेबलवरच आहे. गाळल्याचं वर्ष, बाटलीत भरल्याचं वर्ष, पिंपाचा प्रकार आणि फिनिशचे महिने, एवढ्या चार गोष्टी दिंडोरी आणि कुंकळ्ळीच्या कारखानदारांनी प्रत्येक बाटलीवर छापाव्यात. आणि विकत घेणाऱ्यांनी दुकानात वयाच्या आधी या चार गोष्टी विचाराव्यात.