शुगर नॉर्मल आली, मग गोळी कशाला?

(मधुमेह समजून घेताना : भाग सहावा)

मागच्या भागात रिपोर्ट कसा वाचायचा ते पाहिलं. आज त्या रिपोर्टच्या भरवशावर घरोघरी होणारा एक निर्णय. परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत लागणारं बोरी घ्या, नाहीतर जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव. 'शुगर नॉर्मल आली, गोळी बंद केली' हे सांगणारं कुणीतरी भेटतंच.

दवाखान्यात याला निष्काळजीपणा म्हणतात. मला ते पटत नाही. ताप उतरला की औषध थांबवायचं, हे आपण लहानपणापासून बघत आलो. तोच हिशेब इथे लावला जातो. पण साखर नॉर्मल आली ती गोळी चालू होती म्हणून. आणि गोळी सोडल्यावर बहुतेकांना आठवडेच्या आठवडे काहीच दुखत नाही, त्यामुळे निर्णय बरोबर होता असंच वाटत राहतं. डोळ्यांचा पडदा, किडनी, पायांच्या नसा यांचं नुकसान वर्षानुवर्षं गाजावाजा न करता होत असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 सालीच लिहून ठेवलंय की दीर्घ आजारांत श्रीमंत देशांतले रुग्णसुद्धा सरासरी निम्मेच औषध नीट घेतात. तेव्हा खेड्यातल्या अडाणीपणाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड. तपासणीच्या आधी तीन-चार दिवस गोळ्या नेमाने, चहा बिनसाखरेचा. उपाशीपोटीची साखर तेवढ्यानेही बरीच खाली दिसते. एचबीएवनसी मात्र फसत नाही. रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. डॉक्टर विचारतात, 'गोळ्या घेता ना?' उत्तर ठरलेलं: 'हो, रोज.' मग डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडतंय, आणि ते डोस वाढवतात. पुढे कधी दवाखान्यात भरती झालं, नर्सबाईंनी कागदावरच्या सगळ्या गोळ्या वेळेवर दिल्या, की ग्लिमेपिराइडसारख्या औषधाने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातापायाला कंप, कधी शुद्धही हरपते. घरचे म्हणतात, औषधानेच घात केला.

'गोळ्यांनी किडनी जाते' ही समजूतही अशीच उलटी बसलेली. किडनी फार कमजोर झाली की डॉक्टर मेटफॉर्मिन कमी किंवा बंद करतात. बघणाऱ्याला वाटतं गोळीच कारण होती. किडनी बिघडवते ती न आवरलेली साखर आणि रक्तदाब.

पैशाचा भाग थोडा हलका झाला आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पण गोळी फुकट असली तरी ती आणायला बुडालेला रोज फुकट नसतो. सोयाबीन काढणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत कोण रांगेत उभं राहणार? ऊसतोडीला गेलेल्यांचं तर विचारूच नका. टोळी पाच-सहा महिने बाहेर, गोळ्या मिळालेल्या महिन्याच्या. निघण्यापूर्वी 'जास्त दिवसांच्या देता का?' असं स्पष्ट विचारावं, आणि औषधांचा कागद बिऱ्हाडासोबत न्यावा. तो दाखवला तर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

एकादशी असो की रोजा, उपाशी पोटी ग्लिमेपिराइड घेणं धोक्याचं. पण म्हणून सगळ्याच गोळ्या आपल्या मनाने टाळू नयेत; कुठली घ्यायची, कधी घ्यायची, हे आधीच विचारून ठेवावं. मेटफॉर्मिनने पोट बिघडत असेल तर ती जेवणासोबत घेता येते, हळूहळू विरघळणारा प्रकारही मिळतो. न सांगता सोडली, तर हे पर्याय पुढेच येत नाहीत.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना उरलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका आणि टेबलावर ठेवा. आणि डॉक्टरांनीही 'घेता ना?' ऐवजी 'गेल्या आठवड्यात किती राहिल्या?' असं विचारून बघावं.

(पुढच्या आठवड्यात : फ्रिज नसलेल्या घरात, मे महिन्याच्या उन्हाळ्यात इन्सुलिन कसं टिकवायचं)